साठीनंतरची फटफटी आणि आलापल्लीचा रस्ता

चंद्रपूर जिल्ह्यात चांगली नोकरी म्हणजे कोळसा खाण, वीज केंद्र, कागद कारखाना, भद्रावतीची आयुध निर्माणी, नाहीतर वनखातं. वेस्टर्न कोलफिल्ड्स १९७५ साली स्थापन झाली आणि दुर्गापूरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. त्या वर्षांत पंचविशीत कामाला लागलेली पिढी आता निवृत्त आहे. पहिली पाळी, रात्रपाळी, बारा महिन्यांची धावपळ संपली. अशा वेळी घराच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी बुलेट पुन्हा साद घालू लागली, तर त्यात नवल नाही.

बुलेट मुळात इंग्रज. इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या रॉयल एन्फिल्डने १९०१ साली पहिली मोटारसायकल बनवली आणि १९३२ साली ‘बुलेट’ हे नाव आलं. पन्नासच्या दशकात सीमेवरच्या गस्तीसाठी भारतीय लष्कराला दणकट गाडी हवी होती. निवड ३५० सीसीच्या बुलेटची झाली. १९५५ साली मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि तिरुवोट्टियूरला कारखाना निघाला. पुढे १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद पडला, १९७० पर्यंत इंग्लंडमधलं उत्पादनच थांबलं. मद्रासचा कारखाना मात्र चालू राहिला. १९७७ साली तर तिथून इंग्लंडला बुलेट निर्यात होऊ लागली. एका इंग्रज यंत्राचं आयुष्य भारतीय कामगारांनी वाढवलं, ही अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

इंग्लंडमध्ये निवृत्त माणसं तरुणपणीच्या ट्रायम्फ, नॉर्टन, बीएसए या गाड्यांकडे परत वळतात. तिथला व्हिंटेज मोटारसायकल क्लब १९४६ पासून चालू आहे. होंडाची चार सिलिंडरची सीबी ७५० ही गाडी १९६९ साली आली. बटण दाबलं की सुरू होणारी, तेल न गळणारी. तिच्यापुढे आधीच खिळखिळा झालेला तो सारा इंग्रज उद्योग पाच-सात वर्षांत कोसळला. आज त्यातल्या नावांचं भारताशी नातं जुळलं आहे. नॉर्टन २०२० साली टीव्हीएसने घेतली, बीएसए महिंद्रांच्या क्लासिक लेजंड्सकडे आहे आणि ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या गाड्या २०२३ पासून बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनतात. पण अस्सल जुन्या बीएसएचे सुटे भाग इंग्लंडहून मागवावे लागतात. म्हणून आपल्याकडच्या माणसाला जुन्या गाडीकडे परत जायचं तर वाट बुलेटचीच सोयीची. बिडाच्या इंजिनाची गाडी २०१० च्या सुमारास बंद झाली, तरी तिचे भाग दिल्लीच्या करोलबागेपासून नागपूरपर्यंत मिळतात आणि ती खोलून जोडणारे मिस्त्री अजून आहेत.

ही गाडी सुरू करणं हाच एक संस्कार आहे. चावी फिरवली की अँपिअर मीटरचा काटा उण्याकडे झुकतो. किक हळूहळू दाबत जायची. इंजिन अडतं, आणि काटा मध्यावर येतो. म्हणजे पॉइंट उघडले. आता डाव्या मुठीजवळची डिकॉम्प्रेसरची छोटी दांडी ओढून किक जराशीच पुढे सरकवायची, दांडी सोडायची, किक वर आणायची आणि मग अंगाचा भार टाकून एकच पूर्ण किक. घाई केली की किक उलटी मारते आणि पोटरी सुजते. ज्याने ही रीत एकदा अंगी बाणवली, त्याला वीस वर्षांनीही ती आठवते. हात विसरत नाहीत.

पाय मात्र दगा देतात, आणि तिथेच खरा धोका आहे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. मधल्या वर्षांत माणसाने हीरो होंडा चालवलेली असते, तिथे ब्रेक उजवीकडे. रस्त्यात अचानक गाय आली की उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो. बुलेटवर त्याने ब्रेक लागत नाही, वरचा गिअर पडतो. म्हणून पहिले काही आठवडे मोकळ्या मैदानात फक्त थांबण्याचा सराव करावा. यात कमीपणा नाही.

गुडघ्यांचाही विचार हवा. जुनी बुलेट १६० किलोंच्या पुढची. आजच्या क्लासिक ३५० ला बटण आहे, डावीकडे गिअर आहे, पण वजन १९५ किलो. चिखलात आडवी झाली तर साठीच्या माणसाने एकट्याने उचलू नये. किक मारणं जमत नसेल तर बटणाची गाडी घ्यावी. फटफटीचा आनंद त्याने उणा होत नाही.

आणि हा आनंद घ्यायला चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांसारखा मुलूख नाही. चंद्रपूरहून बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी करत आष्टीला वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. पुढे आलापल्लीचं सागवान, तिथून भामरागडच्या वाटेवर हेमलकसा. १९७३ साली सुरू झालेला लोकबिरादरी प्रकल्प तिथे आहे. या रस्त्याला ताशी पन्नासचा वेग पुरतो, आणि बुलेटचं इंजिन नेमकं त्याच वेगात सुखात असतं. लांब पल्ल्याचा पिस्टन, जड फ्लायव्हील, सावकाश ठोके. मोहाच्या दिवसांत हेल्मेटच्या आतसुद्धा फुलांचा वास पोचतो. बंद काचेच्या गाडीतून हे कळत नाही.

पण वीस वर्षांपूर्वीचा रस्ता आज तसाच आहे असं मानून निघणं बरं नाही. सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक वाढली आहे, आलापल्ली-आष्टी पट्ट्यात जड ट्रकांमागे धूळ खात जावं लागतं. २०२१ पासून छत्तीसगडमार्गे आलेल्या रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत वावरतो. ताडोबाच्या भोवतालच्या गावांत वाघ रस्त्यावर दिसणं ही बातमी राहिलेली नाही. दुचाकीवरच्या माणसाला आडोसा नसतो. सूर्य उगवल्यावर निघायचं आणि मावळण्याआधी मुक्कामी पोचायचं, हा नियम पाळावाच. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे असतो. हवेवर थंड होणारं इंजिन आणि रक्तदाबाची गोळी घेणारा चालक, दोघांनाही ते सोसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच मुख्य हंगाम.

राहिली कागदपत्रं. वयाची पंचावन्न ओलांडली की परवान्याचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी, डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह करावं लागतं. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. तपासणी करून ती पुढे पाच वर्षांसाठी वाढवता येते. ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीसाठी केंद्र सरकारने २०२१ साली ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मात्र व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरात चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. ज्याला हेमलकशापर्यंत जायचं आहे त्याने साधी नोंदणीच चालू ठेवावी.

तेव्हा वडिलांची किंवा काकांची फटफटी परसात गंजत पडली असेल, तर भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊ नका. आधी आरसी पुस्तक शोधा, त्यावरचं साल पाहा, इंजिन आणि चेसिस क्रमांक जुळतात का ते तपासा, आणि मग चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या आरटीओ कार्यालयात जाऊन एकदा विचारा.