पहिली किक सर्वांत शेवटी

सोसायटीच्या पार्किंगचा कोपरा असो की गावाकडच्या घराची पडवी, धूळ खात उभी असलेली जुनी हिरो होंडा स्प्लेंडर आजही सहज सापडते. १९९४मध्ये आलेल्या या गाडीचं ९७.२ सीसीचं इंजिन साधं आणि चिवट. सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. नवशिक्यानं हात काळे करावेत ते याच गाडीवर, असं माझं ठाम मत आहे. मात्र अशी गाडी विकत घेतली की जो तो आधी दणादण किक मारतो, आणि नुकसान तिथूनच सुरू होतं.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीत सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल ओघळून खाली गेलेलं असतं. भिंतीला गंज धरतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. कोरड्या भिंतीवर त्या घासल्या की ओरखडे कायमचे. म्हणून आधी प्लग काढावा, भोकातून इंजिन ऑइलचे चार-सहा थेंब सोडावेत आणि गाडी रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी प्लग न लावता टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं हळूहळू फिरवावं. पिस्टन हलला तर अर्धी चिंता मिटली. अजिबात हलला नाही तर जोर करू नये, मेकॅनिकला बोलवावं.

पेट्रोलचं दुखणं वेगळं. त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट, पिवळसर थर उरतो. इथेनॉल तर हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे टाकीच्या तळाला गंज येतो. जुन्या पेट्रोलचा आंबूस वास नाकाला लगेच कळतो. ते सगळं काढून टाकावं, पण गटारात ओतू नये. पेट्रोलचा रबरी पाइप बोटानं वाकवून पाहावा. चिरा दिसल्या तर सरळ नवा घ्यावा.

खरी कसोटी कार्बोरेटरची. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, तेव्हापासून नव्या गाड्यांमध्ये बहुतांशी फ्युएल इंजेक्शन आलं. जुन्या स्प्लेंडरचा जीव मात्र कार्बोरेटरमधल्या केसाएवढ्या भोकांत असतो. खालची वाटी उघडली की फ्लोट आणि पितळी जेट दिसतात. लहान असतो तो स्लो जेट, आणि आधी तोच तुंबतो. तो बंद असेल तर गाडी चोकवर चालते आणि चोक काढताच बंद पडते. जेट काढावेत, कार्ब क्लीनर मारावा, हवा द्यावी आणि उजेडाकडे धरून भोक आरपार दिसतं का पाहावं. तार खुपसायची नाही; पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पिऊ लागते. एअर फिल्टरचा डबाही उघडाच. उंदरांना ती जागा फार आवडते.

बॅटरी मेलेली असली तरी किकवाली जुनी स्प्लेंडर सुरू होते, कारण ठिणगीची वीज मॅग्नेटोतून येते. पण इंजिनाआधी ब्रेक बघा, ही माझी कळकळीची विनंती. चालू झालेली गाडी थांबली नाही तर काय उपयोग? ब्रेक शू, केबल, चेन तपासावी. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: २३१६ म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, इतकं जुनं रबर कडक झालेलं असतं. ते बदलावंच.

कागदपत्रांचं काम खरं तर व्यवहाराआधीचं. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवून घ्यावेत. नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण. विमा आणि पीयूसीशिवाय चाचणीलाही रस्त्यावर जायचं नाही.

मग नवं ऑइल, नवा प्लग, ताजं लिटरभर पेट्रोल, चोक वर आणि आता किक. सुरुवातीला निळसर धूर येईल. तो आपण सोडलेल्या ऑइलचा. इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर रिंगा गेल्या समजावं, बोअर-पिस्टनच्या खर्चाची तयारी ठेवावी. थांबला तर क्लच दाबून पहिला गिअर टाकून बघावा: उभ्या गाडीत क्लच प्लेटाही एकमेकींना चिकटतात आणि गाडी झटक्यात पुढे उडी घेते. म्हणून हा पहिला गिअर मोकळ्या मैदानात, समोर कोणी नसताना टाकावा. शे-दोनशे किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदलावं, कारण आतला जुना गाळ नव्या ऑइलमध्ये उतरलेला असतो.