राज्यचिन्ह आणि प्रदेशचिन्ह : बबीना परिसराच्या संदर्भात

प्रांताची प्रतीके दोन प्रकारची असतात. काही शासननिर्णयाने ठरतात, तर काही कथनपरंपरेतून सिद्ध होतात. पहिली कागदावर, मोहरेवर आणि पाठ्यपुस्तकात दिसतात. दुसरी माणसांच्या बोलण्यात वावरतात. या दोहोंतील अंतर जेथे ठळकपणे जाणवते असा प्रदेश म्हणजे बुंदेलखंड होय. झाशीच्या दक्षिणेस ललितपूरच्या वाटेवर असलेले बबीना हे छावणीचे गाव त्या दृष्टीने लक्षणीय ठरते. ते उत्तर प्रदेशात असले, तरी मध्य प्रदेशाची सीमा तेथून जवळच आहे.

उत्तर प्रदेशाच्या राजमुद्रेत गंगा-यमुनेचा संगम सुचविणाऱ्या लहरी, रामाचे धनुष्य आणि अवधच्या नवाबीची मत्स्यजोडी आहे. प्रयाग, अयोध्या आणि लखनौ यांना तीत स्थान मिळाले. बेतवा, केन वा महोबा यांना नाही. बारशिंगा हा उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांचा राज्यप्राणी; पण त्याची ख्यातनाम आश्रयस्थाने म्हणजे तराईतील दुधवा आणि मंडला-बालाघाटकडील कान्हा. दोन राज्यांत विभागलेल्या बुंदेलखंडाला दोन्हींकडून एकच प्राणी लाभला, आणि त्याची ओळख मात्र अन्य भूभागांशी जोडलेली. उत्तर प्रदेशाचे राज्यपुष्प पळस हा याला अपवाद. बुंदेलखंडाच्या खडकाळ माळावर फाल्गुनात तो फुलतो, तेव्हा शासकीय चिन्ह आणि स्थानिक अनुभव क्षणभर एकत्र येतात. परंतु झारखंडाचेही राज्यपुष्प पळसच आहे. ‘पळसाला पाने तीनच’ ही मराठी म्हण येथे वेगळ्याच अर्थाने आठवावी.

राजमुद्रेतील धनुष्याची तुलना ओरछ्याशी करता येईल. ओरछा झाशीपासून जवळ, पण मध्य प्रदेशात. 2018 पासून निवाडी जिल्ह्यात. तेथील मंदिरात राम देव म्हणून नव्हे, तर राजा म्हणून पूजिला जातो आणि सशस्त्र पोलीस त्याला मानवंदना देतात. एका राज्याने रामाचे शस्त्र मुद्रेवर घेतले, तर दुसऱ्या राज्यात लोकांनी मानलेल्या राजाला शासनयंत्रणाच वंदन करते. येथे अनधिकृत प्रतीक अधिकृताला आपल्या दारी आणते.

बबीनाच्या नावाविषयीही एक कथा सांगितली जाते. ‘ब्रिटिश आर्मी बेस इन नॉर्दर्न एशिया’ या शब्दसमूहाच्या आद्याक्षरांतून हे नाव झाले, अशी ती कथा. तिची जात लोकव्युत्पत्तीची आहे. इतिहास म्हणून ती स्वीकारण्याचे कारण नाही. पण गावाने छावणीलाच आपली ओळख मानल्याचे ती दर्शविते, हे तिचे मोल.

प्रदेशाचे सर्वांत समर्थ प्रतीक अर्थातच राणी लक्ष्मीबाई. सुभद्राकुमारी चौहान यांच्या हिंदी कवितेने तिची कथा बुंदेल्या हरबोलांच्या तोंडून ऐकल्याचे सांगितले आणि मराठी घराण्यातील राणीला बुंदेलखंडाच्या मौखिक परंपरेशी कायमचे जोडले. वृंदावनलाल वर्मा यांची हिंदी कादंबरी 1946 मध्ये, तर महाश्वेता देवींचे बंगाली चरित्र 1956 मध्ये आले. त्यांच्याही आधी, 1907 मध्ये, वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्य यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाला. 1858 च्या वेढ्याच्या वेळी झाशीत असलेल्या या भिक्षुकाला दिसलेली राणी शूर आहेच. शिवाय तिला दिनक्रम आहे, व्यायाम आहे, दानधर्म आहे, जळत्या शहराचे दुःख आहे. पाठीवर मूल बांधलेल्या अश्वारूढ पुतळ्यात हे तपशील मावत नाहीत.

प्रतीक होणे म्हणजे तपशील गमावणे. त्या मोबदल्यात व्याप्ती मिळते : 1943 मध्ये आझाद हिंद सेनेच्या स्त्री-पलटणीने राणीचे नाव घेतले, तर 2021 मध्ये झाशी रेल्वे स्थानकाला ‘वीरांगना लक्ष्मीबाई’ हे नाव देण्यात आले. लोकांनी घडविलेले प्रतीक अखेर राजपत्रात पोहोचले.

2011 मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेने राज्याच्या चतुर्विभाजनाचा ठराव संमत केला. त्यात बुंदेलखंडही होते. ते राज्य अस्तित्वात आले नाही, म्हणून त्याची मुद्राही घडली नाही. तिची जागा आल्हाच्या गायनाने, ओरछ्याच्या राजाने आणि झाशीच्या राणीने भरून काढली आहे. या प्रतीकांना सीमा अडवीत नाही. मात्र ती पुनःपुन्हा सांगितली जावी लागतात. तौलनिक अभ्यासकाचे काम त्या प्रत्येक सांगण्यात काय टिकले आणि काय गळले, याची नोंद ठेवणे हे होय. राणीच्या बाबतीत गळलेल्याचा बराचसा भाग मराठीत जपलेला आहे.