एका खात्यास एकच फोल्डर

शाळेचे दप्तर हे गावाने शिक्षकाच्या हाती सोपविलेले विश्वस्तधन होय. प्रवेश-निर्गम नोंदवहीतील जन्मतारखेचा एक अंक चुकला, तर त्याचा उपद्रव त्या मुलास पुढे नोकरीच्या अर्जापर्यंत भोगावा लागतो. आष्टी तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात. त्यांच्या मुलांची नोंद बिघडली, तर ती दुरुस्त करून घेण्यास पालक कित्येक महिने गावात नसतात. म्हणून कागदावरील नोंदीस जी कुलूपकिल्ली लागते, तीच संगणकावरील नोंदीसही लागते.

समजा, तालुक्यातील शाळांनी आपली माहिती आष्टी येथील एका सर्व्हरवर पाठवावी असे ठरले. सर्व्हर म्हणजे अनेकांच्या फाइली एकत्र ठेवणारा व मागणीप्रमाणे देणारा संगणक. त्यावर कड्याच्या शाळेचे एक फोल्डर, धानोऱ्याच्या शाळेचे दुसरे. प्रत्येक शाळेस खात्याचे नाव व पासवर्ड मिळाला. आता कड्याच्या शिक्षकाने खाते उघडले असता त्यास धानोऱ्याचे फोल्डरही दिसू लागले, तर काय होईल? हेतू कितीही शुद्ध असला, तरी घाईत एखादी फाइल भलत्याच ठिकाणी पडेल किंवा पुसली जाईल. शिवाय परक्या मुलांची जात, आधार क्रमांक, बँकखाते ही माहिती विनाकारण डोळ्यांपुढे येईल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीस विशेष संरक्षण दिलेले आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे.

यावरचा उपाय जुन्या दप्तरखान्यात सापडतो. नक्कल मागणाऱ्यास कारकून दप्तरखान्यात सोडीत नाही. हवा तो बस्ता बाहेरच्या मेजावर आणून ठेवतो. मागणाऱ्याच्या दृष्टीने ते मेज म्हणजेच सारा दप्तरखाना. सर्व्हरवरही खात्यास असेच एका फोल्डरपुरते बांधून ठेवता येते. युनिक्स या संगणकप्रणालीत ही सोय १९७९ पासून आहे. तिच्या नावाचा अर्थ ‘मूळ बदलणे’ असा आहे. सर्व फोल्डरांचा उगम ज्या मूळ जागेतून होतो, ती जागाच त्या खात्यापुरती बदलली जाते. शाळेचे फोल्डर हेच त्यास मूळ वाटते आणि त्याच्या वर जाण्यास वाटच उरत नाही.

येथे एक गैरसमज वारंवार होतो. खाते उघडताच शाळेचे फोल्डर समोर येते, म्हणून खाते बांधलेले आहे असे मानले जाते. परंतु आरंभ कोठून व्हावा हे ठरविणे वेगळे, आणि मर्यादा कोठे असावी हे ठरविणे वेगळे. केवळ आरंभस्थान नेमले असेल, तर ‘वरचे फोल्डर’ या खुणेवर बोट ठेवताच मनुष्य बाहेर पडतो.

दुसरी गोष्ट मालकीची. वर्गखोलीत शिक्षकाने फळा, तक्ते, मेज हवे तसे मांडावे. भिंत पाडण्याचा अधिकार मात्र त्यास नसतो. तद्वतच, ज्या फोल्डरची मर्यादा आखली, त्याची मालकी सर्व्हरच्या व्यवस्थापकाकडेच ठेवावी व शाळेच्या खात्यास त्यात बदल करू देऊ नये. त्याच्या आत ‘आवक’ अशा नावाचे दुसरे फोल्डर करून ते मात्र शाळेच्या मालकीचे करावे. ओपनएसएसएच या प्रचलित सर्व्हर-कार्यक्रमात २००८ पासून ही बंधनाची सोय आहे. बाहेरचे फोल्डर शाळेच्या खात्यास लिहिण्याजोगे ठेवले असेल, तर तो कार्यक्रम त्या खात्यास आतच घेत नाही. ‘पासवर्ड बरोबर असूनही खाते उघडत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. तसेच, त्या खात्यास केवळ फाइली नेण्या-आणण्याचीच मुभा असावी. सर्व्हरला अन्य आज्ञा देण्याची असू नये.

तिसरी गोष्ट मार्गाची. फाइल पाठविण्याची एफटीपी ही पद्धत कानपूरच्या आयआयटीचे पदवीधर अभय भूषण यांनी १९७१ साली अमेरिकेत एमआयटी येथे असताना प्रथम मांडली. त्या जुन्या पद्धतीत पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जातो व वाटेत कोणासही वाचता येतो. एसएफटीपी ही निराळी पद्धत सारे काही बंद लिफाफ्यातून नेते. म्हणून मुलांच्या माहितीसाठी तिचाच आग्रह धरावा.

खाते मिळताच शिक्षकाने पुढील परीक्षा स्वतः करून पाहावी.

१. खाते उघडून वरच्या फोल्डरमध्ये जाण्याचा प्रयत्न करावा. जाता येऊ नये.
२. अन्य शाळांची नावे कोठेही दिसू नयेत.
३. ‘आवक’मध्ये एक कोरी फाइल ठेवावी व पुसावी. दोन्ही गोष्टी साधल्या पाहिजेत.
४. ‘आवक’च्या बाहेर फाइल ठेवून पाहावी. ती ठेवता येऊ नये.

दुसऱ्या शाळेचे फोल्डर दिसल्यास ते उघडू नये. जे दिसले ते दिनांकासह लेखी कळवावे.

या बंधनाने सारेच साधते असे मात्र नव्हे. शेजारच्या शाळेचे दप्तर त्याने सुरक्षित राहते, परंतु स्वतःच्या फोल्डरमधील फाइल स्वतःच्याच हातून पुसली जाणे त्याने टळत नाही. त्यासाठी निराळी प्रत ठेवलीच पाहिजे. आणि एकच पासवर्ड चार शाळांत फिरू लागला, तर भिंत असून नसल्यासारखीच होते.

काही शिक्षकांस अशी मर्यादा म्हणजे आपल्यावरील अविश्वास वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः ती शिक्षकाचीच ढाल होय. दुसऱ्या गावच्या नोंदीत फेरफार झाला, तर ज्याच्या खात्यास तेथवर वाटच नव्हती, त्याच्याकडे कोणी बोट दाखवू शकत नाही. आणि ऊसतोडीवरून परतलेल्या पालकास आपल्या मुलाची नोंद जशी ठेवून गेलो तशीच सापडते.