मार्का आपला, राखण कुणाची?

अकोल्याच्या डाळ मिलमधून निघालेल्या पोत्यावर मार्का असतो. मिलमालक कोण, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. तो मार्का बघून डाळ उचलतो. अमरावतीच्या मसालेवाल्याचेही तेच. हा मार्का नोंदवणे स्वस्त आहे, राखणे मात्र महाग.

व्यापारचिन्हांचा कायदा १९९९ चा, लागू झाला १५ सप्टेंबर २००३ ला. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी दर वर्गामागे ४,५०० रुपये पडतात, इतरांना ९,०००. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण.

खरी कसोटी अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर लागते. चार महिन्यांत कुणीही हरकत घेऊ शकतो. हरकतीची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत उत्तर दिले नाही, तर अर्ज सोडून दिला असे कायदा मानतो. मोठ्या कंपनीच्या पदरी वकील असतात. छोटा दुकानदार नोटीस पाहूनच हबकतो, गप्प बसतो आणि अर्ज हातचा जातो. उलट आपल्यासारखे नाव दुसरा नोंदवत असेल, तर जर्नल आपणच चाळायचे.

दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. नोंदणी असेल तर कलम १३४ ची मोठी सोय आहे: नक्कल इंदूरला होत असली, तरी अकोल्यात धंदा करणारा अकोल्यातच दावा लावू शकतो. नोंदणी नसलेल्याला ही सोय नाही. त्याला प्रतिवादीच्या किंवा नकली माल विकला जातो त्या गावी जावे लागते, शिवाय आपला नावलौकिक सिद्ध करावा लागतो.

वेळ किती जातो? पुण्यातल्या ‘बर्गर किंग’ उपाहारगृहावर त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीने २०११ मध्ये दावा लावला. कंपनीचे भारतातले पहिले दुकान २०१४ चे, पुण्याचे त्याआधी कितीतरी वर्षांचे. जुलै २०२४ मध्ये जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. कंपनी अपिलात गेली. उच्च न्यायालयाने पुण्याच्या उपाहारगृहाला ते नाव वापरण्यास अंतरिम मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. निकाल बाजूने लागूनही लढाई संपली नाही.

कलम ३४ आधीपासून सलग वापर करणाऱ्याला संरक्षण देते, पण ‘आजोबांपासून चालत आलंय’ हे सांगणे पुरत नाही. जुनी बिले, छापखान्याच्या पावत्या, वर्तमानपत्रातल्या जाहिराती लागतात. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या वह्या रद्दीत घालण्याआधी व्यापाऱ्याने त्या एकदा उघडून पाहाव्यात.