झाडीपट्टीचे जुने रसिक, नवी नाटकं

झाडीपट्टीतल्या कुठल्याही गावात मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर जा. नाटक पहाटे सुटलेलं असतं, जागरणाने डोळे तांबारलेले असतात आणि वाद केव्हाच पेटलेला असतो. बाकावरचे म्हातारे म्हणतात, आता नाटक राहिलं कुठं, नुसता डान्स राहिला. मोटारसायकलला टेकून उभी असलेली पोरं म्हणतात, रात्रभर हलला तर नाहीत जागेवरून! चहा संपतो, वाद संपत नाही. पुढच्या गावच्या नाटकाला दोन्ही बाजू पुन्हा तिकीट काढून हजर असतात.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत हा वाद निदान दोन पिढ्यांपासून चालू आहे. कलावंत किंवा वाद्यवृंद दीर्घकाळ गाजला की त्याचं उत्तरार्धातलं काम जुन्या चाहत्यांना उणं वाटू लागतं, हा अनुभव सगळीकडचा आहे. इथे मात्र अख्ख्या रंगभूमीचाच उत्तरार्ध वादात आहे. हा वाद मनापासून करावा, पण नीट करावा, असं मला वाटतं. त्यासाठी आधी ही रंगभूमी कशी चालते ते पाहायला हवं.

धान, पट आणि नाटक

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतला जंगलाचा आणि धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. सगळं चंद्रपूर त्यात येत नाही. वरोरा-राजुऱ्याकडे कापूस आणि कोळसा आहे. झाडी सुरू होते ती मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीकडे. वैनगंगा ओलांडली की वडसा, आरमोरी, कुरखेडा, चामोर्शी. दक्षिणेला सिरोंचा-भामरागडकडे तेलुगू आणि माडियाचा मुलूख लागतो, तिथे या नाटकांचा जोर ओसरतो.

हंगाम भाऊबीजेला उघडतो आणि होळीपर्यंत चालतो. धान कापून झालेलं असतं, हाती थोडा पैसा आलेला असतो, रिकामी बांधी, म्हणजे धानाचं शेत, मांडवाला मोकळी असते. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, पुढे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती लागतात. दिवसा पट, रात्री नाटक ही जोडी इतकी पक्की की पाहुण्याला निरोप देताना दोन्हींचा उल्लेख एका दमात होतो. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, आणि नाटकाच्या निमित्ताने जमलेल्या पाहुण्यांत नव्या सोयरिकीही ठरतात. मधली काही वर्षं न्यायालयाच्या बंदीमुळे पट थांबला होता. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना पुन्हा परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. पट नव्हता त्या काळातही नाटक चालूच राहिलं.

या नाटकाच्या मुळाशी दंडार आणि खडी गंमत हे लोकप्रकार आहेत. साकोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडार यांचा अभ्यास आयुष्यभर केला, म्हणून या परंपरेबद्दल आज आधाराने बोलता येतं. दंडारीत बाईचं काम पुरुषच करायचे. पुढे संगीत नाटकाचं वारं पूर्वेकडे पोहोचलं आणि दंडारीच्या अंगणात पडदा, पेटी आणि अंक आले.

गावचं नाटक ते कंपनीचं नाटक

जुने रसिक ज्या नाटकाची आठवण काढतात, ते बहुतेकदा गावानेच बसवलेलं असायचं. पाऊस ओसरला की तालीम मास्टर बोलावला जाई. गावातलाच कुणी राजा होई, कुणी खलनायक. शाळामास्तर, पाटलाचा मुलगा, सुतारकाम करणारा तरुण असे सगळे महिना-दोन महिने रात्री तालमीला जमत. स्त्री भूमिकांसाठी ‘लेडीज आर्टिस्ट’ नागपूरकडून येत. प्रयोग एकच, पण त्याची चर्चा वर्षभर पुरायची.

नंतर चित्र पालटलं. तालमीला वेळ देणारी माणसं कमी झाली, गावातली पोरं शिक्षणाला आणि कामाला बाहेर पडली, आणि तयार नाटक विकत घेणं गावोगावच्या नाट्यमंडळांना सोपं वाटू लागलं. वडसा, म्हणजे सरकारी कागदावरचं देसाईगंज, या धंद्याचं केंद्र झालं. त्याचं एक कारण रेल्वे आहे. गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं वडसा हे वर्षानुवर्षं गडचिरोली जिल्ह्यातलं एकमेव स्थानक होतं. नागपूर-गोंदियाचा कलावंत इथे उतरून रात्रीच्या गावाला वेळेवर पोहोचू शकत होता.

आज वडशात पन्नासच्या घरात नाट्यकंपन्या आहेत. हंगामाच्या तोंडावर त्यांच्या कार्यालयांबाहेर नव्या नाटकांची रंगीत पोस्टर लागतात. गावाचं मंडळ येतं, पोस्टर पाहतं, कोण नायिका, विनोदी कोण, गाणारा कोण ते विचारतं, घासाघीस करतं आणि तारीख घेतं. ठरलेल्या दिवशी दुपारी ट्रकमधून स्टेज, पडदे, दिवे, भोंगे येतात. संध्याकाळी कलावंतांची गाडी येते. दहा-अकराला सुरू झालेलं नाटक पहाटे सुटतं. सामान भरून गाडी पुढच्या गावाला निघते.

माझ्या मते जुन्या रसिकांच्या नाराजीचा मोठा भाग या बदलातून येतो. पूर्वीच्या नाटकात त्यांचा स्वतःचा, भावाचा, मित्राचा चेहरा होता. एखाद्याने चाळीस वर्षांपूर्वी भालदाराचं दोन वाक्यांचं काम केलेलं असतं, पण ते नाटक त्याचं असतं. कंपनीचं नाटक कितीही चांगलं असलं तरी त्यात तो तिकीट काढून आलेला प्रेक्षक आहे. हे दुःख खरं आहे आणि त्याचा मान राखायला हवा. पण तेवढ्यावरून कंपनीचं नाटक वाईट ठरवता येत नाही.

नाराजीची कारणं

तक्रारींची यादी सगळीकडे जवळपास सारखीच ऐकू येते. पहिली तक्रार ‘रेकॉर्डिंग डान्स’ची. अंक रंगात आला असताना कथेशी संबंध नसलेलं हिंदी गाणं लागतं, नाच होतो, शिट्ट्या पडतात, आणि मग नायकाची आई पुन्हा आजारी पडते. दुसरी तक्रार द्व्यर्थी विनोदाची. तिसरी साचेबंद कथेची: छळलेली सून, दारुडा नवरा, कावेबाज सावकार आणि शेवटच्या अंकात उघडकीला येणारं रहस्य. चौथी, मुंबईच्या मालिकांतला चेहरा पोस्टरवर मोठा छापून तिकीट वाढवण्याची.

यातली एकही तक्रार खोटी नाही. पण हे बदल का आले, ते पाहिलं पाहिजे. मोठ्या मंडईच्या गावात एकाच रात्री दोन-तीन नाटकं लागतात. समोरासमोर मांडव, समोरासमोर भोंगे. मंडळाने नाटकाचे पैसे आधी मोजलेले असतात आणि ते तिकिटातून काढायचे असतात. अशा वेळी काठावरचा तरुण प्रेक्षक कुठल्या मांडवात शिरेल, यावर मंडळाचा नफा-तोटा ठरतो. नाच त्या स्पर्धेतून आला. आधी व्हिडिओ, मग केबल, मग मोबाइल अशा एकेका लाटेने ही स्पर्धा आणखी तीव्र केली.

साचेबंदपणाचंही तसंच. जे नाटक गेल्या वर्षी गावात झालं, ते यंदा पुन्हा कुणी घेत नाही. दर दिवाळीला प्रत्येक कंपनीला नवं नाटक लागतं, आणि लिहिणारे हात मोजके. तालमीला दिवसही मोजकेच मिळतात. म्हणून इथे प्रॉम्प्टरचं महत्त्व अजून टिकून आहे. तो संहिता घेऊन कडेला बसतो आणि प्रत्येक वाक्य नटाच्या अर्धा श्वास आधी म्हणतो. नटाने ते कानाने झेलायचं, त्याच वेळी समोरच्या पात्राकडे पाहायचं, रडायचं असेल तर रडायचं, आणि वाक्य आत्ताच सुचलं असं वाटायला लावायचं. जवळून पाहिलं तर ही मोठी कारागिरी आहे. पाठांतर नाही म्हणून नाक मुरडणाऱ्याने एकदा स्टेजच्या कडेला बसून ती पाहावी.

उणं ठरवलेल्या काळातलं मोलाचं

ज्या काळाला ‘घसरणीचा काळ’ म्हटलं जातं, त्याच काळात या रंगभूमीने काही फार महत्त्वाचं दिलं. नवरगावच्या सदानंद बोरकर यांचं ‘आत्महत्या’ हे नाटक शेतकरी आत्महत्यांवर उभं राहिलं, आणि ते पाहायला शेतकरीच बसला होता. हुंडा, दारू, अंधश्रद्धा, जंगलातल्या हिंसेत नक्षलवादी आणि पोलीस अशा दोन्हीकडून भरडला जाणारा माणूस हे विषय मांडवात आले. जुन्या पौराणिक-ऐतिहासिक नाटकांत या माणसाला जागा नव्हती.

परशुराम खुणे यांचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचा हा विनोदी नट हजारो प्रयोग करत राहिला. लोक त्यांना झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खुणे यांची कारकीर्द गावच्या नाटकाच्या काळातही आहे आणि कंपनीच्या काळातही. मग त्यांना ‘जुन्या’त धरायचं की ‘नव्या’त? अनिरुद्ध वनकर यांच्यासारखा लेखक-गायक भीमगीतांमुळे महाराष्ट्रभर ऐकला जातो आणि झाडीपट्टीच्या मांडवातही गर्दी खेचतो. स्टेजवर जिवंत गाणं अजून आहे, पेटी-तबल्याशेजारी की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड आले एवढंच.

स्त्रियांच्या बाबतीत झालेला बदल त्याहून मोठा आहे. एकेकाळी बाईचं काम पुरुष करत किंवा बाहेरून आलेली बाई करत असे. आज कलावंत स्त्रियांची एक पिढी या रंगभूमीवर घर चालवते. नट, वादक, नेपथ्यवाले, ट्रकचालक, मांडववाले अशा हजारो माणसांचं चार-पाच महिन्यांचं पोट यावर आहे. २०२० चा हंगाम करोनाने बुडाला तेव्हा या घरांवर काय ओढवलं, ते पूर्व विदर्भाने पाहिलं. २०२२ मध्ये तृशांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा चित्रपट आला आणि मांडवामागचं हे जग उर्वरित महाराष्ट्राला पडद्यावर दिसलं.

पुन्हा ऐकण्याची सोय

उत्तरार्धातल्या कामाबद्दल जगभरचे चाहते भांडतात, पण त्यांच्याकडे एक सोय असते. स्वीडनच्या ‘अ‍ॅबा’ या गाजलेल्या वाद्यवृंदाचा १९८१ चा ‘द व्हिजिटर्स’ हा अल्बम आधीच्या अल्बमांइतका खपला नाही. पुढे लोकांनी तो पुन्हा पुन्हा ऐकला, आणि आज अनेक चाहते त्याला ‘अ‍ॅबा’च्या उत्तम कामांत धरतात. आपल्याकडे राहुल देव बर्मन ऊर्फ पंचम यांच्या ऐंशीच्या दशकातल्या संगीताला ‘पंचम संपला’ म्हणून मोडीत काढणारे थोडे नव्हते. पण १९८७ चा ‘इजाजत’ हा चित्रपट त्याच दशकातला आहे, आणि त्यातल्या एका गाण्यासाठी गुलजार व आशा भोसले दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ची गाणी घराघरांत पोहोचली तेव्हा पंचम जगात नव्हते, जानेवारी १९९४ मध्येच ते गेले होते. रेकॉर्ड हाती होत्या म्हणून रसिकांना आपलं मत बदलता आलं.

झाडीपट्टीच्या नाटकाला ही सोय नाही. पहाटे मांडव उतरला की नाटक गेलं. राहते ती आठवण, आणि आठवणीत तरुणपणीचं नाटक नेहमीच उजवं ठरतं. ज्या नाटकाला तीस वर्षांपूर्वी शेजारच्या गावाने शिव्या घातल्या असतील, तेही आज ‘जुनं, चांगलं’ म्हणून सांगितलं जातं. उलट, गेल्या हंगामातलं एखादं नीट लिहिलेलं, नीट बसवलेलं नाटक नाचाच्या बदनामीत वाहून जातं. यूट्यूबवर झाडीपट्टीचं पुष्कळ काही दिसतं, पण जास्त फिरतात ते नाच आणि विनोदाचे तुकडे. म्हणजे जे या रंगभूमीचं सगळ्यात कमकुवत अंग आहे, तेच तिचा चेहरा होऊन बसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की काळाला नापास करू नये, नाटकाला करावं. ‘आताची नाटकं’ असा सरसकट शिक्का मारण्याऐवजी अमक्या लेखकाचं अमुक नाटक, त्याचा दुसरा अंक, त्यातलं ते पद, तो प्रवेश असं नेमकं बोलावं. वडशाची कंपनी अशी टीका ऐकते, कारण पुढच्या वर्षीची तारीख टीका करणाऱ्याच्याच गावातून घ्यायची असते. महाराष्ट्रात फार थोड्या रंगभूमींना प्रेक्षक असा थेट जाब विचारू शकतो.

आणि वाद नेमका व्हायचा तर पुरावा हवा. प्रॉम्प्टरच्या हातातल्या वह्या हंगाम संपला की कपाटात जातात, मग वाळवीच्या तोंडी. त्या गोळा करणं, पूर्ण प्रयोगाचं चित्रण करणं, कुठल्या वर्षी कुठलं नाटक कुणी लिहिलं, कुणी केलं याची नोंद ठेवणं, हे काम गडचिरोलीत २०११ पासून असलेल्या गोंडवाना विद्यापीठाने, झाडीबोलीच्या साहित्य मंडळींनी आणि कंपन्यांनी मिळून हाती घ्यावं. फार मोठ्या खर्चाचं ते नाही. गावाच्या मंडळानेही तारीख घेताना एक अट घालावी: संहितेची एक प्रत आमच्या वाचनालयाला द्या, आणि नाच ठेवायचाच तर अंकाच्या मध्ये नको, अंक संपल्यावर ठेवा. पैसे मोजणाऱ्याची अट कंपनी मानते. यंदाच्या तारखा ठरत आहेत, तेव्हा विचारायला हीच वेळ आहे.