प्रतिपिंडांची साक्ष: कँडिडा-संसर्गाच्या निदानचाचण्यांची तुलना

चिन्हावरून अर्थ कसा निश्चित करावा, हा भाषाशास्त्राचा नित्याचा प्रश्न आहे. वैद्यकातही तो निराळ्या रूपाने उभा राहतो. कँडिडा आल्बिकन्स हे यीस्ट कित्येक निरोगी माणसांच्या मुखात व आतड्यांत निरुपद्रवीपणे वास करते. तेच रक्तात शिरले म्हणजे प्राणावर बेतते. रक्तसंवर्धन ही निदानाची प्रमाण पद्धती होय; परंतु तिला काही दिवस लागतात आणि खोलवरच्या संसर्गाची जवळजवळ निम्मी उदाहरणे तिच्यातून निसटतात. म्हणूनच रक्तद्रवातील प्रतिपिंडांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले.

जुन्या पद्धती दोन. समूहन-चाचणीत रक्तद्रव मिसळल्यावर यीस्टच्या पेशींच्या गुठळ्या होतात की नाही, हे पाहतात. येथे मुख्यतः पेशीभित्तीतील मॅनन या शर्करेविरुद्धचे प्रतिपिंड प्रकट होतात. पण ते निरोगी माणसांतही आढळतात. अवक्षेपण-चाचणीत पेशींतील प्रथिनांचा अर्क वापरून जेलीत उमटणाऱ्या रेषा पाहतात. पुढे १९७१ मध्ये एंगवाल व पर्लमन यांनी एलायझा पद्धती मांडली व प्रतिपिंडांच्या प्रत्येक वर्गाचे स्वतंत्र मापन सुलभ झाले. तथापि माप सूक्ष्म झाल्याने चिन्हाची संदिग्धता नाहीशी होत नाही.

ही संदिग्धता दुहेरी आहे. नुसत्या सहवासानेही प्रतिपिंड निर्माण होतात. उलट ज्यांची प्रतिकारशक्ती खचली आहे, अशा रुग्णांत प्रत्यक्ष संसर्ग असूनही ते पुरेसे उत्पन्न होत नाहीत. म्हणजे ज्याला निदानाची निकड अधिक, त्याच्याच बाबतीत साक्षीदार मुका राहण्याचा संभव!

यावर दोन उपाय योजले गेले. पहिला, मॅनन आणि त्याविरुद्धचे प्रतिपिंड या दोहोंचा एकत्र शोध. २०१० च्या एका समीक्षेत मॅननची संवेदनक्षमता ५८ टक्के व प्रतिपिंडांची ५९ टक्के आढळली. दोन्ही मिळून ती ८३ टक्के झाली. मॅनन रक्तात असते तेव्हा प्रतिपिंड बहुधा अल्प असतात व प्रतिपिंड वाढले की मॅनन ओसरते. म्हणून दोन्ही चाचण्या परस्परपूरक ठरतात. दुसरा उपाय म्हणजे अंकुरनलिकेविरुद्धच्या प्रतिपिंडांचा शोध. येथे रक्तद्रव प्रथम यीस्टरूप पेशींत मुरवून सामान्य प्रतिपिंड काढून टाकतात. उरतात ते तंतुरूपाशी निगडित. भेदक लक्षण वेगळे काढण्याची ही रीत भाषाभ्यासकास परिचितच वाटेल.

सारांश, केवळ एका प्रतिपिंडाचा वाढलेला आकडा म्हणजे रोग नव्हे, आणि त्याचा अभाव म्हणजे निर्भयता नव्हे. शब्दाप्रमाणेच चाचणीलाही संदर्भावाचून अर्थ नाही.