जुन्या जीपला मोठे टायर : लाभ आणि मर्यादा

महाराष्ट्राच्या डोंगराळ व दुर्गम भागांत पक्के रस्ते पोहोचण्यापूर्वी जी मोजकी वाहने पोहोचली, त्यांत जीपचे स्थान मानाचे आहे. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे ही गाडी देशातच तयार होऊ लागली. ‘सीजे ३बी’ हे तिचे उंच बॉनेटचे रूप अनेकांच्या परिचयाचे आहे. (बॉनेटची ही उंची शोभेसाठी नव्हती, आतील इंजिनच अधिक उंच असल्यामुळे ते झाकण्यासाठी ती वाढवावी लागली.) वन, पाटबंधारे, महसूल, आरोग्य अशा अनेक खात्यांची कामे या जीपनी वर्षानुवर्षे केली. त्यांपैकी बऱ्याच आज शेतकऱ्यांकडे, बागाईतदारांकडे आणि हौशी मालकांकडे आहेत.

अशा गाडीची डागडुजी करताना मालकाच्या मनात हमखास येणारा विचार म्हणजे टायर मोठे बसविण्याचा. पावसाळ्यात शेताची वाट चिखलाने भरते, ओढ्यातील दगड डिफरन्शिअलला लागतात. मोठा टायर घातला की गाडी उंच होईल व सहज निघेल, असा हा सरळ हिशेब असतो. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. टायर हा गाडीच्या गिअरमालिकेतील शेवटचा दुवा होय. त्याचा व्यास बदलला की गिअर, ब्रेक, स्टिअरिंग आणि तोल या चारही गोष्टी एकाच वेळी बदलतात. म्हणून टायरची निवड दुकानात नव्हे, तर गाडीखाली मोजपट्टी घेऊन व्हावयास हवी.

मापाची भाषा

जुन्या जीपचे मूळ माप ६.००-१६ असे आहे. यातील पहिला आकडा टायरची रुंदी व दुसरा रिमचा व्यास इंचांत दर्शवितो. या टायरचा बाहेरील व्यास सुमारे ७३ सेंटिमीटर भरतो. ७.५०-१६ या टायरचा व्यास सुमारे ८० सेंटिमीटर असतो. अलीकडील रेडिअल टायरवर २३५/७५ आर १५ अशी खूण असते. त्याचा अर्थ असा, की रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के आणि रिम १५ इंचांची. भिंतीची उंची दोनदा मोजून त्यात रिमचा व्यास, म्हणजे ३८१ मिलिमीटर, मिळविला की एकूण व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर येतो.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. दिसावयास भारदस्त असा हा रुंद टायर मूळच्या अरुंद टायरपेक्षा उंच मुळीच नाही. तो घेतल्याने गाडी उंच होत नाही व गिअरचे प्रमाणही बदलत नाही. बदलते ती केवळ रुंदी. पुष्कळ मालकांची गरज प्रत्यक्षात एवढीच असते.

आता उंचीचा लाभ किती, ते पाहू. टायरचा व्यास ७३ वरून ८० सेंटिमीटर झाला, तर आस वर जातो तो निम्म्यानेच, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. जीपच्या डिफरन्शिअलखाली मूळची मोकळी जागा सुमारे २० सेंटिमीटर असते. ती साडेतेवीस होते. दगडगोट्यांच्या वाटेवर एवढा फरकही मोलाचा असतो, हे खरे. गाडी उंच करण्याचे इतर उपाय साट्याला व बॉडीला वर उचलतात. डिफरन्शिअलला वर नेणारा उपाय टायर हाच आहे.

अरुंद की रुंद?

उंचीइतकाच रुंदीचा प्रश्न जमिनीशी निगडित आहे. सैल वाळूत, नदीपात्रात किंवा खोल मऊ मातीत रुंद टायर वजन अधिक जागेवर पसरवितो आणि गाडी रुतत नाही. याउलट वर चिखलाचा थर व खाली कठीण मुरूम किंवा जांभा असेल, तेव्हा अरुंद टायर थर कापून तळाशी पोहोचतो व तेथे पकड घेतो. कोकणातील व घाटमाथ्यावरील पुष्कळ वाटा या दुसऱ्या प्रकारच्या असतात. त्यामुळे मूळचा अरुंद टायर हा केवळ काटकसरीचा भाग होता, असे समजणे योग्य नाही.

काळ्या मातीची गोष्ट निराळीच. पावसात ती टायरच्या नक्षीत घट्ट बसते आणि चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. तेथे रुंदीपेक्षा नक्षीच्या ठोकळ्यांमधील अंतर महत्त्वाचे. अंतर मोठे असेल, तर चाकाच्या वेगाने चिखल बाहेर फेकला जातो. अशी मोठ्या ठोकळ्यांची नक्षी डांबरी रस्त्यावर मात्र आवाज करते, लवकर झिजते व ओल्या सडकेवर तिची पकड तुलनेने कमी असते. ज्या गाडीचा नव्वद टक्के प्रवास सडकेवर होतो तिला अशी नक्षी घालणे म्हणजे दहा टक्क्यांसाठी नव्वद टक्के गमावणे होय. हवेचा दाब हा तर बिनखर्चाचा उपाय आहे. वाळूत शिरण्यापूर्वी दाब बऱ्यापैकी उतरविला, तर मूळ टायरही पसरतो व चांगले काम देतो. मात्र सडकेवर येताच हवा पुन्हा भरली पाहिजे. कमी हवेवर वेगाने धावणारा टायर तापून फुटतो.

गिअर आणि ब्रेक

सीजे ३बी जीपच्या डिफरन्शिअलचे प्रमाण ५.३८ आहे. म्हणजे चाकाची एक फेरी होण्यास प्रोपेलर शाफ्टला ५.३८ फेऱ्या घ्याव्या लागतात. टायर सुमारे दहा टक्क्यांनी मोठा झाला, की हेच प्रमाण परिणामाच्या दृष्टीने ४.९ इतके उरते. पहिला गिअर आणि ट्रान्सफर केसचा लो गिअर मिळून जे एकूण प्रमाण सुमारे ३७ असते, ते ३४ च्या आसपास येते. सपाट रस्त्यावर त्याच वेगाला इंजिन कमी फिरते, म्हणून गाडी शांत वाटते व चालक समाधानी होतो. चढावर मात्र इंजिन दबू लागते आणि जेथे दुसऱ्या गिअरवर गाडी चढत असे, तेथे पहिला टाकावा लागतो. सुमारे ७० अश्वशक्तीच्या पेट्रोल इंजिनावर किंवा नंतर बसविलेल्या लहान डिझेल इंजिनावर हा भार लगेच जाणवतो. त्यातच मोठ्या टायरचे वजन परिघावर असल्यामुळे चाक फिरविण्यास व थांबविण्यास अधिक जोर लागतो. क्लच प्लेट पूर्वीपेक्षा लवकर झिजू लागते, ती यामुळेच.

वेगदर्शक काटाही आता खरे बोलत नाही. तो ट्रान्सफर केसच्या फेऱ्या मोजतो, टायर मोजत नाही. काटा ५० किलोमीटर दाखवीत असताना गाडी ५५ च्या आसपास धावत असते. काट्याला जोडलेली दातेरी चकती बदलून हा दोष काढता येतो व तो काढणे आवश्यक आहे.

खरी चिंतेची बाब ब्रेकची आहे. जीपचे ड्रम ब्रेक मूळ टायरचा विचार करून बनविलेले आहेत. ड्रम तोच राहिला आणि टायरची त्रिज्या वाढली, तर पायाच्या तेवढ्याच दाबाला रस्त्यावर मिळणारे रोधक बल सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. घाट उतरताना चालक इंजिनच्या रोधावर भिस्त ठेवतो. तोही गिअरच्या प्रमाणाबरोबर कमी झालेला असतो. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो, म्हणजे त्यालाही हीच तूट लागू पडते. वरंधा किंवा कुंभार्ली घाटात पावसाळ्याच्या दिवसांत, मागे माणसे व माल भरलेला असताना, या तिन्ही तुटी एकत्र येतात. म्हणून टायर मोठे करण्याचा खर्च ठरविताना ब्रेकचा खर्च त्यातच धरला पाहिजे. ड्रम तासलेले असल्यास ते बदलणे, नवे लायनर, व्हील सिलिंडर व होज पाइप यांची तपासणी ही कामे टायर येण्यापूर्वी व्हावीत. गिअरचे मूळ प्रमाण परत मिळविण्यासाठी डिफरन्शिअलचे क्राऊन-पिनियन बदलावयाचे, तर पुढचे व मागचे दोन्ही बदलावे लागतात.

चाक फिरते तेथे

उभ्या गाडीला बसणारा टायर चालत्या गाडीला बसेलच असे नाही. स्टिअरिंग पूर्ण वळविल्यावर पुढचा टायर पाट्यांना घासतो काय, आणि एक चाक खड्ड्यात व दुसरे उंचवट्यावर असताना तो मडगार्डला लागतो काय, हे दोन्ही पाहिले पाहिजे. पाट्यांना घासत असल्यास वळण थांबविणारा बोल्ट थोडा बाहेर काढतात. त्याने घासणे थांबते, परंतु गाडीला वळण्यास जागा जास्त लागते. अरुंद घाटवाटेवर हा तोटा लहान नव्हे. बाहेरच्या बाजूस सरकणारे रिम किंवा मधल्या चकत्या घालून टायर दूर नेला, तर बेअरिंग, किंगपिन व टाय रॉडवरील ताण वाढतो आणि खड्ड्यांत स्टिअरिंग हाताला हिसके देते.

घासणे टाळण्यासाठी काही वर्कशॉपमध्ये लांब शॅकल घालून किंवा पाटे आसाच्या वर बसवून गाडी उचलण्याची प्रथा आहे. या उपायाने प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट तिरके होतात, ब्रेकचे होज पाइप ताणले जातात आणि स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन बिघडतो. तोलाचा प्रश्न तर आणखी गंभीर आहे. जीपच्या दोन चाकांमधील अंतर अवघे १२३ सेंटिमीटर आहे. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६६ सेंटिमीटर उंच आहे असे समजू. अशी गाडी हिशेबाने सुमारे ४३ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडण्याच्या बेतात येईल. टायर व उचल मिळून तो १० सेंटिमीटर वर गेला, की हाच कोन ३९ अंशांवर येतो. प्रत्यक्षात पाटे दबत असल्यामुळे दोन्ही कोन याहून कमी भरतात, आणि टपावर किंवा मागे माल असल्यास आणखी कमी. बांधावरून आडवी गाडी घालणाऱ्या चालकाने हे चार अंश विसरून चालणार नाही.

चारही सारखे

फोर व्हील ड्राइव्ह असलेल्या जुन्या जीपमध्ये पुढच्या व मागच्या आसांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा मध्यभागी नसते. म्हणून पैशाची जुळणी होईपर्यंत दोनच मोठे टायर घालावे व दोन पुढच्या वर्षी, हा बेत मोडीत काढावा. पुढच्या-मागच्या टायरच्या व्यासांत एक टक्का फरक असला, तरी चारही चाके जोडलेली असताना दर किलोमीटरला दहा मीटर घसरण होणे अपरिहार्य असते. चिखलात ती खपते. कठीण जमिनीवर तिचा ताण गिअर व जॉइंटवर पडतो व ते तुटतात. पाचवा, राखीव टायरही त्याच मापाचा हवा, आणि तो टांगण्याची चौकट वाढलेले वजन पेलणारी हवी.

रिमविषयी दोन गोष्टी निक्षून सांगितल्या पाहिजेत. मूळचा रिम साडेचार इंच रुंदीचा आहे. त्यावर फार रुंद टायर चढविल्यास तो मध्यभागी फुगतो व वळणावर डगमगतो. तसेच ट्यूबलेस टायरसाठी रिमच्या कडेला जो उंचवटा लागतो, तो जुन्या रिमला नसतो. अशा रिमवर ट्यूब घालूनच टायर वापरावा, आणि रेडिअल टायरला त्याच्यासाठी बनविलेली ट्यूब घ्यावी. महायुद्धकाळातील काही जीपना दोन भागांचे, बोल्टने जोडलेले रिम असतात. त्यांचे बोल्ट पूर्ण हवा काढल्याशिवाय सैल करणे जिवावर बेतणारे आहे.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात या तरतुदीवर भर दिला, आणि त्याच वर्षीच्या सुधारणेने अनधिकृत बदलांसाठी शिक्षेची स्वतंत्र तरतूद केली. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते व त्या वेळी गाडीची तपासणी होते. अपघातानंतर विमा कंपनीही अशा बदलावर हरकत घेऊ शकते. तेव्हा निर्मात्याने त्या मॉडेलसाठी मान्य केलेली मापे कोणती, हे आधी पाहावे, आणि त्याबाहेर जावयाचे असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयात पूर्वचौकशी करावी. चौकशीला लागणारा एक दिवस टायरच्या किमतीपुढे काहीच नाही.

टायर घेताना भिंतीवरील चार अंकी खूण वाचावी. तिच्यातील पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे असतात. २३२४ म्हणजे सन २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर नक्षी कोरी असली तरी नवा नव्हे. भारक्षमता मूळ टायरपेक्षा कमी नसावी. चाके बसविताना आणखी एक खबरदारी घ्यावी. पुष्कळ जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट आट्याचे असतात. हे ठाऊक नसलेला कारागीर ते सोडविण्याऐवजी आवळत राहतो व बोल्ट तोडतो. मागील हब निमुळत्या शाफ्टवर चावीने बसविलेले असल्यास त्याचा मधला नट घट्ट आहे, याची खात्री करावी; मोठ्या टायरचा हिसका प्रथम तेथेच बसतो. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा आवळावेत आणि टायरच्या आतील भिंतीवर घासल्याच्या खुणा आहेत काय, हे हात फिरवून पाहावे.